मागच्या दाराची मूठ

त्याला सगळे कवळीवालाच म्हणत. दातांच्या दवाखान्यामागे, जिन्याखालच्या खोलीत बसून तो सव्वीस वर्षं लोकांचे दात करत होता. डॉक्टर तोंडाचा साचा घ्यायचे, हा त्यात प्लास्टर ओतायचा, मेणात एकेक दात बसवायचा, घासायचा, चकाकवायचा. माणसांची तोंडं त्याला क्वचित दिसत, जबडे मात्र शेकड्यांनी ओळखीचे. साठीच्या माणसाला पांढरेशुभ्र दात दिले की तो हसला तरी खोटा वाटतो, असं त्याचं म्हणणं. म्हणून तो दाताच्या मुळाशी किंचित पिवळी झाक द्यायचा, एखाद्यावर केसाएवढी चीर रंगवायचा. लोक आरशात बघून म्हणायचे, "अरेच्चा, हे तर माझेच!"

हाच हात घरी लष्करी गाड्यांवर फिरायचा. प्लास्टिकच्या सुट्या भागांचं खोकं आणायचं आणि खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाची गाडी उभी करायची. हस्तिदंती रंगाची, तळहातावर मावेल एवढी. पण जोडणं हे अर्धंच काम. खरी कसोटी ती जुनी करण्यात. जिथे पाणी थांबतं तिथे गंज, जिथे बूट लागतो तिथला रंग उडालेला, चाकांच्या खोबणीत चिखल. "उगाच सगळीकडे गंज फासला तर ती गाडी नव्हे, नाटकातली दाढी," असं तो बायकोला सांगायचा. बायको म्हणायची, "मला काय सांगता? ओट्यावरचा चिखल आधी पुसा."

सासऱ्याला मात्र हे बघवत नसे. सासरा म्हणजे फौजेतला जुना ड्रायव्हर. साखळीच्या पट्ट्यांवर चालणारी चिलखती गाडी त्यानं अकरा वर्षं हाकली होती, आणि फौज सोडल्यावर साधी स्कूटरही नाही. सासूबाई गेल्यावर तो लेकीकडे राहायला आला. दोन वर्षांत जावयाकडे त्यानं तांब्याभर पाणीही मागितलं नव्हतं. येता-जाता टोमणा तेवढा ठरलेला. "काय जावईबापू, आज कुठली लढाई जिंकली ओट्यावर?"

तोच सासरा महिन्यापूर्वी एका सोमवारी ओट्यापाशी आला आणि पाकिटातून एक काळापांढरा फोटो काढून ठेवला. कडा झिजलेल्या, मधोमध घडी. चिखलानं माखलेली चिलखती गाडी मागच्या बाजूनं दिसत होती, शेजारी तिला ओढून काढायला आलेले दोन जवान.

"ही कर," सासरा म्हणाला. "अशीच्या अशी."

कारण होतं अक्काचं. अक्का म्हणजे सासऱ्याच्या गाडीवरच्या मशीनगनवाल्याची थोरली बहीण. एकेचाळीस वर्षांपूर्वी नदीच्या पात्रात गाडी रुतली, इंजिनावर मारा झाला, धूर आत भरला. गाडीत तेव्हा दोघंच उरले होते. ड्रायव्हर, म्हणजे सासरा, पुढच्या झाकणातून बाहेर पडला. मशीनगनवाल्याचे पाय कामातून गेले होते. तो आतच राहिला आणि धुरानं गेला. मागचं दार चिखलानं गच्च बसलं होतं, दुसऱ्या दिवशी लोखंडी सब्बल लावून उघडावं लागलं, असं सासरा त्या दिवसापासून सांगत आला होता. अक्काचा त्यावर विश्वास नव्हता. एकाच गावात राहूनही ती या माणसाच्या सावलीला उभी राहिली नव्हती. ती कवळी करायला दवाखान्यात आली, कवळीवाल्याशी बोलता बोलता नात्याचा धागा लागला, आणि जाताना म्हणाली, "एकदा येईन मी. पण त्याच्या तोंडून खरं ऐकायला. माझे थोडेच दिवस राहिलेत, त्याचेही फार नसतील."

रविवारी सकाळी अकराला ती येणार होती. सासऱ्यानं ठरवलं होतं की गाडी टेबलावर ठेवायची, दारावरचा चिखल दाखवायचा, सब्बलीचे घाव दाखवायचे. मग ती काय म्हणेल?

शनिवारी दुपारी साडेतीनला गाडी जवळजवळ तयार होती. दातांच्या प्लास्टरमध्ये रंगाची भुकटी आणि डिंक कालवून कवळीवाल्यानं चिखल केला होता. त्यावर दोन दिवस वाद झाला होता. "माती विटकरी नव्हे रे, राखी. मेलेल्या म्हशीच्या कातडीसारखी!" सासरा ओरडायचा आणि हा पुन्हा कालवायचा. आता तो राखी चिखल मागच्या दारावर, दाराच्या फटीवरून सलग थापलेला होता. तांदळाच्या दाण्याहून बारीक मूठ सासऱ्याच्या सांगण्यावरून खाली वळवून चिकटवलेली होती. राहिले होते फक्त सब्बलीचे घाव.

त्यानं मेण कापायची सुरी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. तापलेलं टोक प्लास्टिकला टेकवलं की हवा तसा पोचा पडतो. सासरा खुर्ची ओढून शेजारीच बसला होता.

"कडेला घाल. दोन घाव. खोल."

"नेमके कुठे, बाबा? चुकलं तर परत भरता येणार नाही."

"फोटोत बघ की! डोळे काय दातांनाच दिलेत?"

कवळीवाल्यानं डोळ्याला भिंग चढवलं आणि फोटोवर वाकला. डाव्या हातात तापलेली सुरी. दाराची उजवी कड त्यानं वरून खालपर्यंत पाहिली, मग डावी, मग पुन्हा उजवी. त्यानं सुरी खाली ठेवली. सुरी निवत गेली.

"काय झालं?"

त्यानं फोटो उजेडाकडे तिरपा धरला. चिखल कसा वागतो हे त्याला हातांनी माहीत होतं. सब्बल घातली असती तर कडेचा चिखल खरवडून निघाला असता, रंग उडून लोखंड दिसलं असतं, ढेकळं खाली पडली असती. दार उघडल्यानंतर काढलेल्या त्या फोटोत तसलं काही नव्हतं. दाराच्या फटीवरून गेलेला चिखल वाळून फक्त एका दोऱ्याएवढ्या रेषेत तडकला होता. कुणीतरी दार सहज, एकदाच उघडलं होतं. आणि मूठ वर होती.

"बाबा, इथं सब्बल लागलेली नाही."

"कोण म्हणतं?"

"चिखल म्हणतो."

सासरा ताडकन उठला. खुर्ची मागं कलंडली. "चार खेळणी रंगवलीस म्हणून मला शिकवतोस? मी होतो तिथं! तू कुठं होतास, आईच्या पदरात?" आतल्या खोलीतून बायको धावत आली. "बाबा, अहो..."

"तू आत जा!"

ती गेली नाही. दारातच उभी राहिली.

कवळीवाल्याचे कान तापले होते, पण आवाज चढला नाही. "मी घाव घालीन. तुम्ही म्हणाल तसे. पण त्या बाईंचे दात मी केलेत. खोटं असेल तर मला उद्या त्यांच्यासमोर बसता येणार नाही. मी दवाखान्यात निघून जाईन. तुम्हीच दाखवा गाडी."

सासऱ्यानं कलंडलेली खुर्ची सरळ केली आणि तिच्यावर न बसता तिची पाठ दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"मूठ वर उचलायची असते," तो म्हणाला.

कुणाला काही कळलं नाही.

"अकरा वर्षं चालवली गाडी. रोज पुढच्या झाकणातनं आत, पुढच्याच झाकणातनं बाहेर. मागचं दार जवानांचं. ते आतून उघडायचे. बाहेरून ती मूठ मी कधी धरलीच नव्हती. त्या दिवशी मागं पळत आलो आणि खाली दाबत राहिलो. सगळ्या दारांच्या मुठी खालीच दाबतात ना? मग मारा सुरू झाला आणि मी पळालो. दुसऱ्या दिवशी ओढून काढणाऱ्यांतल्या एका पोरानं एका बोटानं वर केली मूठ. दार उघडलं. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, शीळ घालत होता मेला."

बायको दारात तोंडावर हात धरून उभी होती.

"सब्बल मी वरिष्ठांना सांगितली. मग घरी. मग सगळ्यांना. सांगून सांगून मला दिसायलाही लागली होती."

कवळीवाल्यानं भिंग पुन्हा चढवलं. "मग मूठ फिरवायची का?"

"फिरव."

चिकटवलेली मूठ काढणं म्हणजे जिवाशी खेळ. ताकद जास्त झाली तर दाण्याएवढा तुकडा उडून फरशीवर पडणार, आणि मग तो शोधायला साक्षात ब्रह्मदेव आला तरी उपयोग नाही. त्यानं सर्वांत पातळ पातं घेतलं, बायकोला पंखा बंद करायला सांगितलं. पातं मुठीखाली सरकलं. प्लास्टिकनं बारीक आवाज केला. सासरा श्वास घेत नव्हता.

मूठ सुटली आणि पात्याच्या टोकालाच चिकटून राहिली. त्यानं ती वर वळवून, डिंकाचा सुईएवढा थेंब देऊन, पन्नास आकडे मोजेपर्यंत दाबून धरली. मग दात खरवडायचं हत्यार फटीवर ठेवून, वाळलेला चिखल एकाच ओढीत वरून खाली तडकवला. रेषा सरळ आली नाही. सरळ यायचीही नव्हती.

सासरा फोटो आणि गाडी आळीपाळीनं बघत म्हणाला, "आता मी तिला काय सांगू?"

"आत्ता आम्हाला सांगितलंत तेच."

"ती उठून जाईल."

"जाईल कदाचित."

रविवारी अक्का अकराला दहा मिनिटं कमी असतानाच आली. बारीक चणीची, हातात कापडी पिशवी. नव्या दातांनी तिचं तोंड किंचित पुढं आलं होतं. कवळीवाल्याला पाहून म्हणाली, "खालचे डावीकडे टोचतात हं." मग तिची नजर सासऱ्यावर गेली आणि चेहरा दगड झाला. ती दाराजवळच्या खुर्चीवर बसली, पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

"बोल."

सासऱ्यानं गाडी तिच्याकडे फिरवली. बोट मुठीपाशी नेलं. कवळीवाल्यानं गाडी दोन बोटांनी खालून धरून ठेवली. आत्ता मूठ मोडली तर दुसरी नव्हती.

"सब्बल नव्हती, अक्का. मूठ वर करायची होती. मी खाली दाबली. दार उघडत होतं. मला उघडता आलं नाही."

अक्का हलली नाही. बायको चहाचा ट्रे घेऊन तशीच उभी. सासऱ्यानं डोळे मिटले.

"सब्बल नव्हती हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं," अक्का म्हणाली. "गाडी ओढून काढली त्यातला एक मुलगा आमच्याकडे भेटायला आला होता. म्हणाला, दार एका हातानं उघडलं. मी तेव्हाच ठरवलं, हा माणूस सब्बलीचं खोटं बोलतो, म्हणजे हा दाराशी गेलाच नाही. पुढनं उडी मारून सरळ पळाला. माझ्या भावाला आत टाकून."

"गेलो होतो," सासरा म्हणाला. "दाराशी गेलो होतो."

"ते आज कळतंय मला! एकेचाळीस वर्षांनी!" तिचा आवाज पहिल्यांदाच फुटला. "तुझ्या त्या सब्बलीपायी, गाढवा!"

सासरा खाली मान घालून बसला होता. शिव्या खाणाऱ्या पोरासारखा.

"किती वेळ दाबलीस?"

"हाताची सालं निघेस्तोवर."

"आतून आवाज येत होता?"

कवळीवाल्याला वाटलं, हे आता पुरे, थांबवावं. पण बायकोनं नुसत्या नजरेनं त्याला जागीच बसवलं.

"दोनदा ठोकलं त्यानं," सासरा म्हणाला. "दुसऱ्यांदा हळू. मग नाही."

अक्कानं पिशवी मांडीवर घट्ट धरली. उठेल असं वाटलं, निम्मी उठलीही. मग पिशवी फरशीवर ठेवली, खुर्ची दोन हातांनी उचलून टेबलापाशी आणली आणि गाडीसमोर बसली.

"म्हणजे तू बाहेर आहेस हे त्याला कळलं होतं," ती म्हणाली. हा प्रश्न नव्हता.

"हो."

"मी माफबिफ काही करत नाही. ते माझ्याच्यानं व्हायचं नाही. पण आता सगळं सांग. त्या दिवशी सकाळी उठलात तिथपासून. एक शब्द गाळायचा नाही, एक घालायचा नाही."

सासऱ्यानं घसा साफ केला. "सव्वासहाला गाडी सुरू केली..."

"थांब," अक्का म्हणाली आणि चष्मा नाकावर चढवून गाडीवर वाकली. "आधी तो कुठं बसायचा ते दाखव."