मुका भोंगा

शहरातल्या मोठ्या स्टेडियमवर माइकवरून बोलणाऱ्या माणसाला सगळे भोंगा म्हणत. पाठीमागे म्हणत, तोंडावर म्हणत, आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे. पेपरवाला तर बिल घ्यायला आला की दारातून "भोंगाकाका आहेत का घरात?" असंच विचारायचा.

एरवी तो पाणीपुरवठा खात्यात तक्रारींच्या खिडकीवर बसे. तिथे बोलायचं काम लोकांचं आणि ऐकून घ्यायचं त्याचं. आठवडाभर लोकांचं गळकं-तुंबलेलं सगळं निमूटपणे ऐकायचं आणि शनिवारी दुपारी माइकसमोर बसून सगळा हिशेब चुकता करायचा, असा त्याचा क्रम होता. तरुणपणी तो रिलेत धावायचा. घोटा कायमचा दुखावला तेव्हा क्लबच्या सेक्रेटरींनी त्याच्या हातात पत्र्याचा कर्णा दिला. "पळता येत नाही ना? मग ओरड," म्हणाले. तो ओरडला. मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला उंच उडीसाठी धावत सुटलेली एक मुलगी इतकी दचकली, की दांडी घेऊनच खाली आली. उठून तरातरा चालत येऊन तिनं त्याला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. पुढे तिच्याशीच त्याचं लग्न झालं. "माझं पदक ह्यांनी घालवलं," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला अजून सांगते, आणि दर वेळी ते पदक जरा मोठं होत जातं.

स्टेडियम जुनं. राजधानीला शोभेल असं काहीतरी हवं म्हणून आजोबांच्या पिढीनं हौसेनं बांधलेलं, भल्यामोठ्या वाडग्यासारखं. मैदानाभोवती सायकलशर्यतीची उतरती सिमेंटची पट्टी होती. तिथे आता शर्यती होत नसत, सफाईवाले ताडपत्र्या वाळत घालत. ड्रेसिंगरूमकडे जाणाऱ्या बोळात भिंतभर फोटो होते: झुपकेदार मिशांचे हॉकीपटू, पदक दातात धरून हसणारी पोहणारी मुलगी, नाव कोणालाच आठवत नाही असा एक कुस्तीगीर. आणि शहराचे दोन फुटबॉल क्लब, नदीकाठवाले आणि यार्डवाले. ह्या दोघांचा सामना असला की एका घरातले सख्खे भाऊ वेगवेगळ्या फाटकांतून आत शिरत आणि जेवायच्या वेळेपर्यंत एकमेकांशी बोलत नसत.

भोंग्याचा एक नेम होता. सामन्याआधी तो दोन्ही संघांच्या खोल्यांत जाई आणि नव्या खेळाडूपाशी बसून त्याचं नाव त्याच्याच तोंडून ऐकून घेई. मग दोन-चार वेळा म्हणून दाखवी. "बरोबर आलं का? तुझी आई असंच म्हणते ना?" पोरं हसायची, पण खूश व्हायची. भरल्या मैदानात माणसाचं नाव चुकीचं घेणं म्हणजे त्याला पाय घालून पाडण्यासारखं आहे, असं त्याचं म्हणणं. त्या नावांचा त्याला भारी अभिमान. आपण नसलो तर लोकांना कोण खेळतंय ते कळणारच नाही, असं त्याला मनापासून वाटे.

आणि एका वर्षी त्याचा घसा बसला.

सुरुवातीला त्यानं धुळीवर ढकललं. मग माइकवर. माइकवाला त्याचा जुना मित्र. त्यानं माइक बदलला, वायर बदलली, डबा उघडून आतून पुसून काढला आणि शेवटी हात टेकले. "अरे बाबा, मशीन ठणठणीत आहे. तूच घरघरतोयस."

"सर्दी आहे."

"दोन ऋतू झाले तुझ्या सर्दीला."

 भोंग्याला धास्ती होती ती वेगळीच. त्याच्या वडिलांचा आवाज असाच हळूहळू बसत गेला होता. तेही सर्दीच म्हणत राहिले आणि वर्षाच्या आत गेले. शेवटी शेवटी ते काय म्हणताहेत हे कळायला त्यांच्या तोंडापाशी कान न्यावा लागे. त्या दिवसांबद्दल भोंगा कोणाशी बोलत नसे. आताही बोलला नाही.

बायको औषधाच्या दुकानात काउंटरवर होती. म्हणून हा पठ्ठ्या घशाच्या गोळ्या घ्यायला मुद्दाम तीन गल्ल्या पलीकडच्या दुकानात जाऊ लागला. पण औषधवाल्यांचं जग ते केवढं! तिकडच्या दुकानदारानं एक दिवस सहज तिला फोनवर विचारलं, "वहिनी, तुमच्याकडे घशाच्या गोळ्या संपल्या आहेत का? साहेब आमच्याकडून डबेच्या डबे नेतात."

त्या संध्याकाळी तिनं ताट वाढलं, समोर बसली आणि म्हणाली, "तोंड उघडा."

"काय?"

"तोंड उघडा. घसा बघू दे."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"काही कळत नाही. म्हणूनच उद्या डॉक्टरकडे जायचंय." मग तिचा आवाज जरा खाली आला. "मामंजींचं मला ठाऊक आहे हो. मला काय भीती वाटत नाही? पण दोघांनी दोन कोपऱ्यांत घाबरत बसण्यापेक्षा एकत्र घाबरू."

घशाच्या डॉक्टरीणबाई मोजकं बोलणाऱ्या होत्या. नाकातून बारीक नळी घालून त्यांनी आत पाहिलं, पडद्यावर त्या दोघांनाही दाखवलं. स्वरतंतूवर एक छोटीशी गाठ होती. "काढून तपासायला पाठवू. तपासणी होईपर्यंत मी चांगलंही म्हणणार नाही आणि वाईटही म्हणणार नाही. निकाल हातात आला की त्या क्षणी फोन करीन." गाठ काढली. नंतर बजावून सांगितलं, "आता मी सांगेपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. कुजबुजण्यानं जास्त त्रास होतो."

तर असा भोंगा मुका झाला. माइकवाला भेटायला आला तो रेफरीची पिवळी आणि लाल कार्डं घेऊन. "ही ठेव, घरात उपयोगी पडतील." आणि पडली. चहात साखर कमी पडली की पिवळं कार्ड. शेजारीण येऊन "माझ्या मावसदिरांनाही अस्संच झालं होतं" म्हणून सुरुवात करायला लागली की बायकोच्या पाठीमागून लाल कार्ड. बायको हसायची. पण ती वळली की तो छताकडे बघत पडून राहायचा, हे तिला न बघताही कळायचं.

शनिवार उजाडला. नदीकाठवाले विरुद्ध यार्डवाले. त्याच्या जागी रेडिओवर सकाळी गाणी लावणारी एक मुलगी बोलणार होती. जायचं नाही, असं भोंग्यानं मान हलवून, हात हलवून आणि दोन्ही कार्डं एकदम दाखवून सांगितलं.

"घरात बसून काय करणार? फोनकडे टक लावून बघणार?" बायकोनं पिशवीत पाण्याची बाटली टाकली. "फोन तिकडेही येतो. चला."

पाहुण्यांच्या स्टँडमध्ये त्याला हक्काची जागा होती, पण तिथे सगळे ओळखीचे. विचारपूस करून जीव खाल्ला असता. म्हणून दोघं पार कोपऱ्यातल्या, घड्याळाखालच्या स्टँडमध्ये जाऊन बसली. इतकी वर्षं त्या स्टेडियममध्ये काढली, पण भोंगा प्रेक्षकांत कधी बसलाच नव्हता. बाकडं कडक लागतं हे त्याला पहिल्यांदाच कळलं. पुढच्या रांगेत नदीकाठवाल्यांचा निळा मफलर गुंडाळलेल्या एक आजी होत्या. आजूबाजूचे सगळे त्यांना वचकून असावेत, कारण त्यांच्यासमोरून जाताना लोक वाकून जात होते.

नावं सुरू झाली. भोंगा कान टवकारून पुढे सरकला. ऐकू आलं ते असं: घुर्र, बुं, घरर, बुं बुं. त्याला वाटलं, मुलगी नवीन आहे, माइक तोंडात घेऊन बोलतेय. त्यानं कपाळावर हात मारला. बायकोनं त्याच्या मनातलं ओळखलं आणि आजींना विचारलं, "आजी, आज काही नीट ऐकू येत नाही, नाही?"

"आज?" आजी मागे वळल्या. "अगं, ह्या स्टँडात कधीच काही ऐकू आलेलं नाही. तो भोंगा म्हणून कोण आहे ना, तो बोलायला लागला की कोणीतरी नळात तोंड घालून गुळण्या करतंय असं वाटतं."

बायकोनं ओठ चावला. भोंग्याचा चेहरा पडला.

"मग खेळाडू बदलला की तुम्हाला कसं कळतं?"

"डोळे आहेत की! पाठीवर आकडे असतात. आणि हा आमचा नेहमीचा सोबती," त्यांनी शेजारच्या जाड्या माणसाकडे बोट दाखवलं, "ह्याला सगळी टीम पाठ." मग त्या म्हणाल्या, "पण त्याची गुरगुर असली की बरं वाटायचं. आतल्या खोलीत मोठी माणसं बोलत असली की कसं, शब्द कळत नाहीत, पण घर भरलेलं वाटतं. आज कुठे गेला कोण जाणे."

भोंगा मैदानाकडे बघत राहिला. इतक्या वर्षांची ती घोकलेली नावं, खोल्या-खोल्यांतून फिरून गोळा केलेले उच्चार, त्या पोरांच्या आया... आणि ह्या कोपऱ्यात ते सगळं गुळण्या होऊन पोचत होतं! आधी त्याला राग आला. मग वाईट वाटलं. आणि मग, का कोण जाणे, त्याला हसू फुटायला लागलं. आपण शनिवारी आजारी पडलो तर काय होईल, ह्या धसक्यानं त्यानं ताप अंगावर काढला होता, मेव्हण्याचं लग्न बुडवलं होतं. आणि इथे सगळ्यांचं उत्तम चाललं होतं. आवाज न करता हसायचं म्हणजे खांदे गदगदा हलतात. आजींना वाटलं माणूस रडतोय. त्यांनी थर्मासमधला चहा त्याच्या हातात दिला.

उत्तरार्धात, नदीकाठवाल्यांना कॉर्नर मिळाला आणि सगळा स्टँड उठून उभा राहिला, नेमका तेव्हाच पिशवीतला फोन वाजला.

डॉक्टरीणबाईंचा. भोंग्यानं नाव पाहिलं आणि फोन बायकोच्या हातात कोंबला. त्याला बोलता येत नव्हतं आणि त्या क्षणी ऐकायचंही बळ नव्हतं.

"हॅलो! हां, बोला! काय? ऐकू येत नाही हो, मोठ्यानं बोला! काय म्हणालात?" एका कानात बोट घालून ती ओरडत होती. चारी बाजूंनी ढोल, शिट्ट्या, आरोळ्या.

आजी वळल्या. "काय झालं गं?"

"ह्यांचा रिपोर्ट आलाय! गळ्याची गाठ... डॉक्टर आहेत, आणि काही ऐकू येत नाहीये!"

आजी बाकड्यावर उभ्या राहिल्या. त्या वयात. मफलर वर उडवला आणि अशा काही ओरडल्या, की भोंग्यानंही मनातल्या मनात दाद दिली. "ए! गप्प बसा सगळे! ढोल बंद! माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे!"

जाड्यानं ढोलवाल्याचा हात धरला. मागची रांग गप्प झाली, तिच्या मागची झाली, आणि बघता बघता घड्याळाखालचा अख्खा स्टँड चिडीचूप झाला. बाकीचं स्टेडियम गर्जत होतं आणि त्या एका कोपऱ्यात टाचणी पडली असती तरी ऐकू आलं असतं. कॉर्नर घ्यायला आलेला खेळाडू चेंडू ठेवता ठेवता थबकून वर बघायला लागला.

"हां. आता बोला." बायको ऐकत होती. भोंगा तिचा चेहरा बघत होता. आयुष्यात त्यानं कुठला खेळ इतका डोळ्यांत प्राण आणून पाहिला नव्हता. "हो. हो. नक्की ना? पुन्हा एकदा सांगा." तिनं डोळे मिटले. मग एकदम खाली बसली. "साधी आहे," ती म्हणाली. "साधी गाठ आहे हो. तसलं काही नाही. काही नाही!"

भोंग्याचा जीव असा काही भांड्यात पडला, की त्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला असावा. त्यानं तोंड उघडलं. बायकोनं झटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. "अजिबात नाही!"

"साधी आहे!" आजींनी स्टँडला जाहीर केलं, आणि स्टँड फुटला. ढोल, शिट्ट्या, मफलर हवेत. अनोळखी माणसांनी भोंग्याला मिठ्या मारल्या. पलीकडे यार्डवाल्यांना कळेना की ह्या लोकांना गोल न होता काय झालंय. त्यांचा गोलकीपर बावचळून बाजूला बघत राहिला, कॉर्नर आला, आणि चेंडू कोणाच्या तरी गुडघ्याला लागून आत गेला. तो गोल कोणाचा, ह्यावर दोन क्लबांत अजून वाद आहे. कोणी केला ते माइकवरून सांगितलं असणार, पण घड्याळाखालच्या स्टँडला ते कळलं नाही.

बाहेर पडताना गर्दीत बायको त्याचा दंड धरून चालली होती. "रडा हवं तर," ती म्हणाली. "रडायला मनाई नाही केलेली." मग तो रडला. सायकलच्या पट्टीपाशी ताडपत्र्यांवर बसून, चांगला मनसोक्त. तीही रडली. सफाईवाला म्हणाला, "यार्डवाले का तुम्ही?"

पुढे बोलायची परवानगी मिळाली, पण बेतानं. आवाज पूर्वीसारखा राहिला नाही, जरा मऊ झाला. आता पूर्वार्धात तो बोलतो आणि उत्तरार्धात रेडिओवाली मुलगी. तिलाही तो संघांच्या खोल्यांत घेऊन जातो. उत्तरार्धात तो कधी बोळातल्या फोटोंखाली उभा असतो, कधी प्रेक्षकांत जाऊन बसतो, आणि शनिवारची दुपार अशीही असते ह्याचं त्याला अजून नवल वाटतं.

परतल्यावर पहिलं काम त्यानं केलं ते माइकवाल्याला घेऊन घड्याळाखाली शिडी लावण्याचं. तिथल्या कर्ण्यात कबुतरांनी कधीचा संसार थाटला होता, आत काड्यांचा गच्च बोळा. दोघांनी तो कर्णा कबुतरांना तसाच ठेवला आणि शेजारी नवा बसवला. त्या शनिवारी मध्यंतरात आजींचा निरोप जाड्याकरवी माइकच्या खोलीत आला.

"आजी म्हणतात, आता सगळं स्पष्ट ऐकू येतं," जाड्या दारात अवघडून उभा राहत म्हणाला. "फक्त त्या भोंग्याला सांग म्हणाल्या, थोडं कमी बोल."

माइकवाला खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. भोंग्यानं खिशातून पिवळं कार्ड काढलं, स्वतःलाच दाखवलं, आणि उरलेला चहा पिऊन टाकला.