सगुणाचा कॉर्सेट आणि आत्याबाई

कॉर्सेट पुन्हा गादीखाली सापडला. सिस्टरने तो माझ्या मशीनवर आणून टाकला आणि डॉक्टरबाईंनी बोलावलंय म्हणाली.

नगरच्या त्या हॉस्पिटलात मी शिवणकाम बघत असे. सगुणा कर्जतकडची. कडब्याच्या गंजीवरून पडून मणका दबलेला. कॉर्सेटशिवाय उठायचं नाही, नाहीतर पाय जातील, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं.

"टोचत असेल. बघ जरा," त्या म्हणाल्या.

माझं शिवण टोचत नाही. लग्नाआधी मी कॅम्पातल्या मडमांचे कॉर्सेट शिवलेत. तिथे कंबर आवळून बांधा दाखवायचा. इथे पाठीला वाकू द्यायचं नाही, एवढंच. जाड खाकी ड्रिल, त्यात उभ्या नळ्या शिवायच्या आणि नळ्यांत पोलादी पट्ट्या सरकवायच्या. तेव्हाच्या महायुद्धामुळे विलायती पट्ट्या मिळेनात. मग कापसाच्या गाठींना बांधतात त्या पट्ट्या आणल्या, टोकं कानशीने गोल केली, वर कापड गुंडाळलं. मागे नाडी, अंगासारखी ओढून घ्यायला.

तरी वॉर्डात जाऊन तपासलं. अंगावर कुठे वळ नाही. मग खडसावून विचारलं, तेव्हा सगुणाला रडू फुटलं.

"आत्याबाई भेटाया आल्या की पाया पडावं लागतं. ह्यात वाकताच येत न्हाई. नुसती उभी ऱ्हायले, तर सून माजली म्हनतील."

मी कपाळाला हात लावला. पोरीला पायांपेक्षा सासूची भीती जास्त!

बाजाराच्या दिवशी सासू आली. ठकूबाई. कंबरेत वाकलेली, पण जीभ ताठ. सून पाया पडली नाही तर चार बायांत आमची काय शोभा, असं तिने मलाच ऐकवलं. हिच्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. सगुणा खाटेवर आडवी होती. तिचा कॉर्सेट उचलला, ठकूबाईला लुगड्यावरूनच चढवला आणि नाडी ओढली.

"आता माझ्या पाया पडून दाखवा."

म्हातारीने जोर लावला. नाही जमलं. दुसऱ्यांदा लावला. वॉर्डातल्या बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मलाही हसू आवरेना. आता शिव्या बसणार, या तयारीने मी नाडीला हात घातला.

"सोडू?"

ठकूबाई सरळ उभी राहून समोर बघत होती. जन्मभर खुरपून, भारे वाहून वाकलेली बाई ती.

"थांब की जरा," ती हळूच म्हणाली. "पाठीला कुनीतरी धरल्यागत वाटतंय."

कुणी हसलं नाही. मी नाडीवरचा हात मागे घेतला.

नाडी सोडल्यावर ती सुनेच्या खाटेशी गेली. "डाक्टरीन सांगंस्तवर कुनाच्या पाया पडू नगं. कुनी बोललंच, तर माझं नाव सांग."

सगुणा पुढे आपल्या पायांनी घरी गेली. उरलेल्या पट्ट्यांत मी ठकूबाईसाठी एक मऊसर कॉर्सेट शिवून दिला.

कॉर्सेटला छाती, कंबर आणि कुल्ल्याचं माप लागतं. मी त्यात एकाची भर घातली. टेप काढायच्या आधी विचारायचं, बाई, घरात तुला कुणाकुणापुढे वाकावं लागतं?