तारेपल्याडचं तळं

नववीत सरांनी आम्हाला गावातल्या माणसांच्या मुलाखती घ्यायला लावल्या. काम काय, आयुष्य कसं गेलं, सध्या अडचण काय, हे प्रश्न त्यांनीच फळ्यावर लिहून दिले. वर्गातल्या पोरांनी दुकानदार निवडले, चहा तरी मिळतो म्हणून. मी आणि माझी मैत्रीण माझ्या काकूकडे गेलो. काकू मेंढरं राखायची. डोंगरकड्याच्या बाजूच्या आमच्या गावात मेंढरांमागं हिंडणाऱ्या बाईला काय विचारायचं, म्हणून पोरं हसली. हसू दे म्हटलं.

काकूला आम्ही बसायला सांगितलं. "मी बसले तर मेंढरं बसतेत व्हय? चालता चालता इचार," ती म्हणाली. मग मोबाइल तिच्यापुढं धरून आम्ही उलट्या पावलांनी चालत राहिलो. फोटोसाठी मात्र हट्टानं तिला थांबवलंच, आणि तेवढ्यात मेंढरं शेजारच्या हरभऱ्यात घुसली.

शेताचा मालक शिव्या देतच आला. तो ग्रामपंचायतीचा सदस्य, शिवाय आमच्या शाळा समितीचा अध्यक्ष. काकूनं मेंढरं बाहेर काढली, चूक स्वतःवर घेतली, आमचं नावही काढलं नाही. मग तिथंच उभी राहिली.

"हरभऱ्याचं मी भरून देते. पर गायरानातल्या तळ्याच्या वाटंला तुमी तार काहून घातली? माझ्या मेंढरांनी पाणी कुठं प्यावं?"

तो पाठ फिरवून निघून गेला. गायरान अख्ख्या गावाचं, राखायचं ह्यानं, आणि इथं कुंपणच शेत खात होतं. मोबाइल चालूच होता.

तळं बंद राहिलं तर उन्हाळ्याआधी मेंढरं विकावी लागणार, हेही काकूनं मुलाखतीत सांगितलं होतं. मेंढरं गेली की तिला दुसऱ्याच्या रानात खुरपायला जावं लागणार होतं. सरांनी सगळं ऐकलं, शाबासकी दिली आणि तारेचं तेवढं गाळायला सांगितलं. मुलाखती शाळेच्या कार्यक्रमात वाचायच्या होत्या, आणि त्याचा पाहुणा तो शेतमालकच होता. सर वाईट नव्हते, भित्रे होते. मला मात्र संताप आला. अडचण विचारायला आम्हीच जायचं, आणि तिनं सांगितली की आम्हीच झाकायची?

माईक हातात आला तेव्हा मी सगळं वाचलं, तारेसकट. हे कोण म्हणालं, असं पाहुण्यानं दरडावून विचारलं. मागं बायकांत बसलेली काकू उठली.

"म्या म्हणलं."

मग आणखी दोघी उठल्या, त्यांच्या शेळ्याही त्याच तळ्यावर जायच्या. सरांनी घाईघाईनं आभार उरकले.

दुसऱ्या दिवशी काकूनं मेंढरं त्याच वाटेला घातली. आम्ही दोघी पुढं चाललो. तारेच्या फाटकाला कुलूप होतं आणि मालक तिथंच उभा होता. मी घाबरले होते, खोटं कशाला सांगू. तरी मोबाइल काढून त्याच्यापुढं धरला.

"काका, ही जमीन कुणाची हाय?"

"मोबाइल खाली घे," तो गुरकावला. मागं तहानलेली मेंढरं ओरडत होती. शेळ्यावाल्या दोघीही शेळ्या घेऊन आल्या आणि काकूच्या शेजारी उभ्या राहिल्या. मी हात खाली घेतला नाही, पुन्हा तेच विचारलं.

त्यानं खिशातून किल्ली काढली.