बप्पांची फुकटची जीप

बप्पांना कुणी देव म्हटलं की ते शिवी द्यायचे. कसली ते विचारू नका, मी गावची सून आहे. साप चावलेली नात वाचली म्हणून एक म्हातारी दवाखान्याच्या पायरीवर त्यांच्या पाया पडायला वाकली, तर हे दोन पावलं मागं सरून ओरडले, "देव म्हणू नको म्हातारे! देवाला पगार लागत न्हाई. मला पोट हाय." रडणारी म्हातारी हसायला लागली. बप्पा हसले नाहीत. त्यांना खरंच तेच म्हणायचं होतं. मलाही ते कळायला बरीच वर्षं लागली.

आमचं गाव धारूरकडच्या डोंगरात, घाट चढून वर. बप्पांची काळीपिवळी जीप बाजाराच्या दिवशी माणसं भरून खाली जायची. एरवी ती चावडीसमोर उभी असे, तोंड रस्त्याकडे करून. मागची सीट त्यांनी कायमची काढून टाकली होती आणि तिथं फळी टाकून वर गादी बांधली होती. आडवा माणूस तिथं नीट मावायचा. त्यापायी बाजाराची गिऱ्हाइकं कमी बसायची, पण ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. अडल्यानडल्याला न्यायचे पैसे ते घेत नसत.

मी गावची आशा. सरकारच्या लेखी आम्ही स्वयंसेविका. केलेल्या कामाचा मोबदला मिळतो, पगार नाही. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बप्पांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "आशा म्हंजी पगाराची आशा व्हय, सूनबाई?" पुढं कितीतरी बाळंतिणी आम्ही दोघांनी मिळून खाली नेल्या. मी मागं फळीजवळ, ते पुढं. वळण आलं की ते मोठ्यानं सांगायचे, "धरा!" तेवढं सोडलं तर गाडीत बोलत नसत.

साप चावल्याचं कळलं की ते आधी किती वाजता चावला ते विचारायचे आणि खिशातल्या बॉलपेननं माणसाच्या हातावरच वेळ लिहायचे. वेळ सांगता आली नाही म्हणून एका डॉक्टरनं त्यांना पूर्वी झापलं होतं, तेव्हापासूनची ती सवय. कुणी म्हणालं, आधी मांत्रिकाला दाखवू, की हे गाडी सुरू करूनच उत्तर देत, "त्यालाबी घ्या गाडीत. दवाखान्यात बसून मारू दे फुंकर."

सरकारी रुग्णवाहिका नव्हती असं नाही. नंबर लावला की फोन लागायचा. पण गाडी खाली मोठ्या रस्त्याला, आणि एवढ्या गावांना मिळून एकच. ती घाट चढून येईपर्यंत माणूस हातचा जायचा. लोक तिच्या ड्रायव्हरला शिव्या घालायचे, तर बप्पा त्यांच्याच अंगावर जायचे. "त्यो सकाळधरनं जेवला न्हाई, मी बघून आलोय. पर त्याला पगार हाय, म्हणून त्यो न्हाई आला तर दुसरा येतो. मला ताप आल्यावर माझ्या जागी कोन येतं? सांगा की!"

एका झेंडावंदनाला त्यांचा सत्कार ठेवला. तालुक्याहून पुढारी आले होते. त्यांनी सेवाभाव, निःस्वार्थ, समाजऋण असे सगळे शब्द वापरले आणि शाल घातली. बप्पांनी माईक हातात घेतला. "शाली लई झाल्या सायेब. गाडी द्या, मानूस नेमा, त्याला पगार द्या." पुढारी हसले. मग सगळं गाव हसलं, टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. आज ते आठवलं की स्वतःच्या हातांचा राग येतो.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे कोरा कागद घेऊन आले. मी अर्ज लिहिला, ग्रामपंचायतीनं शिक्का मारला. खूप महिन्यांनी उत्तर आलं. मी ते ओट्यावर बसून त्यांना वाचून दाखवलं. 'सदर गावी खाजगी वाहनाची विनामूल्य सोय उपलब्ध असल्याने तूर्त स्वतंत्र रुग्णवाहिकेची आवश्यकता दिसून येत नाही.'

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदाही वाचायला लावलं. मग ते म्हणाले, "म्हंजी माझ्यामुळं येत न्हाई."

त्यांचा इतका बारीक आवाज मी कधी ऐकला नव्हता. ग्रामसभेत मात्र तो मोठा झाला. "सोमवारपासून जीप फकस्त बाजाराला जाईल. आजारी मानसाला सरकारची गाडी बोलवा. न्हाई आली तर तक्रार लिवा, रोज लिवा. मी हाय म्हणून तुमी कवा लिवलंच न्हाई." गाव खवळलं. ज्यांची लेकरं त्या फळीवरून वाचली होती तेच म्हणाले, म्हाताऱ्याला आता पैशाची हाव सुटली. मी एकटीच त्यांच्या बाजूनं उभी राहिले. त्याचा मला अभिमान वाटत होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, भर दुपारी, वरच्या वस्तीवरच्या सुमनला रक्तस्राव सुरू झाला. सातवा महिना होता. गडी माणसं ऊसतोडीला गेलेली; घरात सासू आणि तीन वर्षांची मुलगी. मी नंबर लावला. गाडी परळी रस्त्यावरच्या अपघाताला गेली होती, येते म्हणाले. बप्पांचं घर हाकेच्या अंतरावर. पण मी गेले नाही. मला वाटलं, आता बप्पांना बोलावलं तर कागदावर पुन्हा तेच लिहिलं जाईल, सोय उपलब्ध आहे. सासूला मी म्हणाले, "येतीया गाडी, येतीया." वीस मिनिटं मी तेच म्हणत राहिले. मग सुमनचे ओठ पांढरे पडायला लागले आणि मी पळत सुटले.

माझं वाक्य पुरं व्हायच्या आत बप्पा जीपमध्ये होते. "कवापासनं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते माझ्याकडे वळून बघतील असं वाटलं होतं, पण त्यांनी पाहिलं नाही. घाटात दोनदा "धरा!" म्हणाले, बस्स. दवाखान्याच्या दारात सुमननं मुलीचं नाव घेतलं. तासाभरात ती गेली. पोटातलं बाळ आधीच गेलं होतं.

आरोग्य खात्याची चौकशी आली. दोघं जण खुर्चीवर बसले, चहा प्यायले आणि लिहिलं, 'वाहनमालकाने अचानक सेवा बंद केल्यामुळे विलंब.' मी म्हणाले, "त्यांनी उशीर केला नाही. उशीर तुमच्या गाडीनं केला, आणि मी केला. तसं लिहा." साहेब म्हणाले, "ताई, तुमच्यावर कशाला घेता?" मी सही केली नाही. माझ्या सहीवाचून काही अडलं नाही. पगार घेऊन ज्यांनी गाडी दिली नाही त्यांच्यावर एक ओळ नव्हती, आणि ज्याला कधी छदाम दिला नाही तो गुन्हेगार!

मी बप्पांकडे जाऊन वीस मिनिटांचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "दोघांनी मिळून सरकारशी भांडायला गेलतो. पर पणाला लावली तिसरीच." माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, आणि मी माफी मागितलीही नाही. दुसऱ्या दिवसापासून जीप पुन्हा फुकट सुरू झाली. गाव खूष, ऑफिस त्याहून खूष.

पुढं त्यांची नजर गेली. लेक त्यांना परळीला घेऊन गेली, जीप भंगारात गेली. यंदा ते गेल्याचं कळलं. गावात शोकसभा झाली. टेबलावर त्यांचा फोटो, हार, उदबत्त्या. तेच पुढारी आले होते, आता केस पांढरे झालेले. त्यांनी जाहीर केलं, बप्पांच्या नावानं गावाला रुग्णवाहिका मिळणार. मग ते पुढं म्हणाले, "आणि ती चालवतील गावातले तरुण, बप्पांसारखीच, एक पैसा न घेता!"

टाळ्या पडल्या. मी उठले. म्हणाले, "ड्रायव्हर नेमा. नेमणुकीचा कागद द्या. पगार द्या. तसं नसंल तर त्यांचं नाव घालू नका." मग सुमनची गोष्ट सांगितली, माझ्या वीस मिनिटांसकट. सुमनची सासू समोरच बसली होती. ती खाली बघत होती. पुढारी म्हणाले, "ही वेळ आहे का, ताई?"

तेव्हा पुढच्या रांगेत बसलेली बप्पांची लेक उठली. टेबलापाशी जाऊन तिनं फोटोवरचा हार काढून बाजूला ठेवला, पदरानं काच पुसली आणि फोटो काखेत मारला.

"माझ्या बापाची जीप फुकट वापरली," ती म्हणाली. "नाव फुकट मिळायचं न्हाई."

ती मांडवातून सरळ एसटीच्या थांब्याकडं चालू लागली. मीही तिच्यामागं निघाले. मागं माईकवरून कुणीतरी सगळ्यांना शांत बसायला सांगत होतं.