मरणाला खाट चुकली

पेर्सिदासारखं रडणारी बाई अख्ख्या मायदानपेक गावात दुसरी नव्हती. हे मी कौतुकानं सांगते आहे. आम्ही व्लाख लोक मेलेल्याला मुकाट्यानं पोचवत नाही. कबरीपाशी बाईनं उभं राहायचं, हेल काढायचा, गेलेल्याशी बोलायचं, त्याला जाब विचारायचा, चार शिव्यासुद्धा घालायच्या. बऱ्याच जणी नुसत्याच किंचाळतात. पेर्सिदा बोलायची. जाडसर, थोड्या फाटक्या आवाजात, एकेक वाक्य लांबवत. लोक कुठलं तरी लांबचं नातं उकरून काढून तिला बोलवायला यायचे.

एरवी ती माझ्याबरोबर शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलायची. एकवीस वर्षं आम्ही एकाच ओट्यावर काढली. तिचा नवरा ऑस्ट्रियात गवंडीकामाला गेला आणि तिथेच दुसरा संसार मांडून बसला. "मेला असता तर चांगली रडले तरी असते," ती म्हणायची आणि सुरी आपटून हसायची.

मुलगे दोन. थोरला रादिशा तांब्याच्या खाणीत डंपर चालवायचा. लाकडं फोडणं, गळणारं छप्पर, आईचे गुडघे दाखवायला दवाखान्यात नेणं, सगळं त्याच्याकडे. धाकटा वुकान चार वर्षांनी लहान. तो गिटार वाजवायचा. मधूनमधून कुठे रंगकाम, कुठे गोदामात मालाची चढउतार; पण मन सगळं त्या गिटारीत. तिघे मित्र आणि तो, असा चौघांचा बँड होता. नाव 'यालोविना'. खाणीतून उपसून टेकडीवर फेकतात तो निकामी दगड, त्याला आम्ही यालोविना म्हणतो.

"नाव तरी बरं निवडलं," पेर्सिदा म्हणाली होती.

त्यांचं संगीत मी ऐकलेलं होतं, कारण जुन्या बस आगाराच्या गॅरेजात ते सराव करायचे आणि माझं घर मागेच. एकच सूर बराच वेळ, मग तोच सूर आणखी मोठा, मग खिडकीच्या काचा थरथरायला लागायच्या. गाणारं कुणी नाही. कधी वीस-वीस मिनिटं एकच गाणं. पेर्सिदा एकदा माझ्या अंगणात बसून ऐकत होती. अर्ध्या तासानं म्हणाली, "यागोदा, हे सुरू कधी होणार?"

"अगं, आता संपत आलं."

"बघ. एक मुलगा घर चालवतो, एक घर हलवतो."

हे ती वुकानच्या तोंडावरही म्हणायची. तो हसायचा. रादिशा मात्र भावाच्या बाजूनं. दुसऱ्या गावात कार्यक्रम असला की त्यांचे जडजड स्पीकर स्वतःच्या गाडीत घालून न्यायचा आणि शेवटच्या रांगेत उभा राहायचा.

जानेवारीत, सकाळच्या पाळीला जाताना, वळणावरच्या बर्फावरून रादिशाची गाडी घसरली आणि खाली ओढ्यात गेली. चौतीस वर्षांचा होता.

मातीच्या दिवशी थंडी अशी होती की कबर खणणाऱ्यांना आधी जमिनीवर जाळ करावा लागला. पेर्सिदाला मी एका बाजूनं धरलं होतं, दुसऱ्या बाजूनं वुकाननं. तिनं हेल काढला. मी तिला किती जणांसाठी रडताना ऐकलं होतं, पण त्या दिवशी जे ऐकलं ते ऐकून पुरुषसुद्धा दूर झाडापाशी जाऊन उभे राहिले.

"रादिशा, माझ्या घराच्या खांबा," ती म्हणाली, "त्या खोलीत दोन खाटा होत्या रे. खिडकीशी तुझी, भिंतीशी दुसरी. मरणाला अंधारात खाट चुकली. भिंतीशी झोपणारा नेला असता तर माझ्या चुलीला कळलंसुद्धा नसतं."

माझ्या हातातला तिचा दंड मी घट्ट दाबला. वुकान समोर पाहत होता. त्याचा एक हात आईच्या पाठीवर, दुसरा कोटाच्या खिशात. मला वाटलं, गारठलाय. नंतर कळलं, खिशात रेकॉर्डिंगचं छोटं यंत्र होतं.

घरी आल्यावर पेर्सिदाला आपण काय बोललो ते आठवत नव्हतं. किंवा ती तसं म्हणाली. मी तो विषय काढला नाही, वुकाननंही काढला नाही. लाकडं तो फोडायला लागला. आईला दवाखान्यात न्यायला लागला. गॅरेजातला सराव वाढला.

त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांचा नवा अल्बम निघाला, 'चाळीस दिवस' नावाचा; मेलेल्याचा जीव तेवढे दिवस घराभोवती घुटमळतो, असं आम्ही मानतो. आधीचे दोन त्यांच्या मित्रांनीच विकत घेतले असतील. हा मात्र जर्मनीतल्या एका कंपनीनं काढला. परदेशातल्या मासिकांत लिहून आलं. वुकाननं आईला एक वाचून दाखवलं, मीही तिथे होते. त्यात लिहिलं होतं की अखेरच्या गाण्यात एका म्हातारीचा आवाज येतो, आणि तो कुठल्याच भाषेत नसल्यामुळे सगळ्या भाषांचा वाटतो.

"कोण म्हातारी?" पेर्सिदानं विचारलं.

"ऐकशील तेव्हा कळेल," वुकान म्हणाला.

डिसेंबरात सांस्कृतिक केंद्रात त्यांचा कार्यक्रम ठरला. बेलग्रेडहून पोरं बस करून येणार होती. मुलाचं नाव असं भिंतीवर चिकटलेलं पेर्सिदानं पहिल्यांदाच पाहिलं. मग तिनं काय करावं? स्वयंपाकघरातल्या आम्हा सगळ्या जणींना बोलावलं, शेजारच्या दोघी, शिवाय चर्चमध्ये मेणबत्त्या विकणारी देसांका. "माझ्या वुकानचा कार्यक्रम आहे," असं प्रत्येकीला स्वतः जाऊन सांगितलं. तपकिरी झगा इस्त्री केला. संध्याकाळी सहाला आम्ही पहिली रांग धरून बसलो, अकरा बायका, मांडीवर पर्सा. मागे सगळी काळे कपडे घातलेली लांब केसांची पोरं.

पहिली गाणी आम्ही कानांत कापूस घालून सोसली. देसांका म्हणाली, "दाढ काढताना असंच होतं." पेर्सिदानं तिला कोपरानं ढोसलं, पण तीही हसत होती.

शेवटच्या गाण्यात हळूहळू चढत चढत आवाज असा भिंतीसारखा उभा राहिला की छातीत ठोके चुकावेत. आणि एकदम सगळं थांबलं. मंचावर चौघेही खाली मान घालून उभे. त्या शांततेत स्पीकरमधून पेर्सिदा बोलली. रादिशा, माझ्या घराच्या खांबा.

मागच्या पोरांना त्यातलं अक्षर कळलं नाही. बेलग्रेडकडे कुणाला आमची व्लाख भाषा येते? त्यांनी डोळे मिटून घेतले होते. पहिल्या रांगेत आम्ही अकरा जणी होतो आणि आम्हाला शब्दन् शब्द कळत होता. दोन खाटा. खिडकीशी एक, भिंतीशी एक. मरणाला खाट चुकली, हे वाक्य तर त्यांनी तीनदा लावलं, आणि तिसऱ्यांदा गिटारी पुन्हा कोसळल्या.

पेर्सिदा हलली नाही. टाळ्या वाजायला लागल्या, मागे पोरं उभी राहिली. आमच्या रांगेत कुणीच हात उचलला नाही. देसांकानं पर्स उचलली आणि कुणाकडेही न बघता निघून गेली.

मी पेर्सिदाला घरी नेलं. तिनं दुपारीच सारमा करून ठेवल्या होत्या, कोबीच्या पानांत खिमा भरून, वुकानसाठी. ती भांडं गरम करत होती तेव्हा तो आला. मी उठले, तर ती म्हणाली, "बस तू."

मग त्याला, "ते कुणी रेकॉर्ड केलं?"

"मी."

"मला विचारलंस?"

"तू बोललीस ते मला विचारून बोललीस?"

"अरे, ते रडणं असतं! रडताना बाई काय बोलते ते धरून ठेवतात का? ते त्याच्यासाठी होतं. त्याच्या कानांसाठी."

"मी तुला धरूनच उभा होतो, आई. मलाही कान आहेत." त्याचा आवाज चढला नव्हता. "सुरुवातीला तुझा आवाज जपून ठेवावा म्हणून घेतला होता. मग अल्बमचं काम करताना ऐकला. दोनशे वेळा, तीनशे वेळा. वाटलं, ऐकून ऐकून शब्द झिजतील, नुसता आवाज उरेल. नाही झिजले."

"मग काढून टाकायचं होतंस."

"त्या सगळ्या अल्बममध्ये खरं तेवढंच होतं. बाकीचं आम्ही बनवलेलं."

"दहा बायका आणल्या होत्या मी, वुकान. मी स्वतः जाऊन आणल्या होत्या."

"माहीत आहे. मंचावरून दिसत होत्या."

मी पेर्सिदाकडे पाहत होते. एकच वाक्य बोलायचं होतं. खोटं आहे रे ते, दुःखात बोलून गेले. कुठल्याही आईला ते सुचलं असतं, आणि तोही तेवढ्यासाठीच थांबला होता, हे मला तिथे बसून दिसत होतं. पेर्सिदानं तोंड उघडलं. मिटलं. पळी घेतली.

"जेव," ती म्हणाली. "गार होतील."

तो बसला. चार सारमा खाल्ल्या, ताटली धुतली, पुसून जागेवर ठेवली. मार्चमध्ये व्हिएन्नाला गेला. बँड तिथून दौरे करतो. अल्बमची तिसरी आवृत्ती निघाली म्हणतात. मधल्या दिवसांत तो एका फर्निचरच्या गोदामात काम करतो.

रादिशाचं वर्षश्राद्ध, आमची पोमाना, वुकान जाण्याआधीच झाली. टेबल मांडलं, मेणबत्त्या लावल्या, मेलेल्याच्या नावानं वादकांनी वाजवलं. बायका पेर्सिदाच्या हेलाची वाट बघत राहिल्या. ती ओठ मिटून उभी होती. शेवटी कुणाची तरी चुलत सून पुढे झाली आणि जमेल तसं रडली. त्यानंतर पेर्सिदा कुणाच्याच कबरीवर रडली नाही, आणि खरं सांगायचं तर बोलवायलाही कुणी आलं नाही.

गेल्या शरद ऋतूत तिनं मला फोन लावून द्यायला सांगितलं. मी व्हिएन्नाचा नंबर लावला.

"वुकान," ती म्हणाली, "ते मी तेव्हा कबरीपाशी बोलले ना—"

"आई," तो म्हणाला. फोन मोठ्या आवाजावर होता म्हणून मलाही ऐकू आलं. "त्याच्यासाठी फोन करू नकोस. दुसरं काहीही सांग."

तिनं फळीवरच्या बाटल्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "मिरच्या यंदा चांगल्या आल्यात. भाजून, वाटून आयवार घातलाय, बावीस बाटल्या."

"बरं केलंस," तो म्हणाला.

आता दर रविवारी ते बोलतात. मिरच्या, गुडघे, तिकडे पाऊस आहे का. पाच मिनिटं, कधी सहा. फोन ठेवला की पेर्सिदा म्हणते, "बरा आहे तो," आणि मीही बरा आहे म्हणते.