आधी जुना तांदूळ

साठवण करणे फारसे कठीण नाही. भय, लोभ किंवा दूरदृष्टी यांपैकी एक वृत्ती अंगी असली की हात आपोआप साठवू लागतात. साठविलेले वेळेवर, क्रमाने आणि अखेरच्या कणापर्यंत उपयोगास आणणे मात्र फार थोड्यांना साधते. आपल्या पूर्वजांनी ‘शेष’ या शब्दाला मोठी प्रतिष्ठा दिली. देवापुढचे शेष मस्तकी लावावे, अतिथीच्या पंक्तीनंतर उरलेले गृहस्थाने समाधानाने खावे, असे ते सांगत आले. परंतु उरलेल्याविषयीचा हा आदर रोजच्या स्वयंपाकघरात उतरवायचा तर त्याला विलक्षण अवधान लागते. कोणत्या डब्यात काय आहे, ते केव्हा आले, किती दिवस टिकेल, हे स्मरण आठही प्रहर जागे ठेवावे लागते. या अवधानाला मी मितव्ययाचा प्राण समजतो. ते मी ज्यांच्या ठायी पूर्णत्वाने पाहिले त्या वनमालाबाई घाडी होत. पूर्णत्वाला गेलेला गुण आपल्या धन्याकडून काय मागून घेतो, हेही मला त्यांच्याच घरी कळले.

घाटकोपरच्या भटवाडीत, टेकडीच्या उतारावरील आमच्या चाळीत त्यांची खोली आमच्या खोलीला लागून होती. मधली भिंत फळ्यांची असल्यामुळे त्यांच्याकडे फोडणीत मोहरी पडली की ती आमच्याकडे तडतडत असे. त्यांचे यजमान काशीराम परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते. गाव कणकवलीच्या पुढे. तेथील भातशेती काशीरामचा धाकटा भाऊ लवू पाहत असे. घरात तिसरी सुलक्षणा, त्यांची एकुलती मुलगी. ती त्या वेळी नववीत होती.

त्यांच्या खोलीत मागच्या भिंतीशी तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे दोन थरांत मांडलेले असत. नवे आलेले धान्य मागे, जुने पुढे. जो डबा चालू असेल त्याच्या कडीला तांबडी चिंधी बांधलेली असे. वनमालाबाईंना अक्षरओळख नव्हती. ती चिंधी हीच त्यांची लिपी. दर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात त्या वाण्याकडे पाऊल टाकीत नसत. त्या आठवड्यात सगळे डबे खाली उतरत, उन्हात बसत, आणि तळाशी जे जे उरले असेल त्यावर घर चाले. मूठभर मूग, तेवढेच मसूर आणि चार दाणे चवळी एकत्र होऊन त्यांची आमटी होई. कुळथाच्या पिठीला आमसुलाचे सार सोबत करी. गावाहून आलेल्या फणसाच्या आठळ्या मातीत पुरून ठेवलेल्या असत. त्या आषाढ-श्रावणापर्यंत पुरत. सुकटीचा चुरासुद्धा कांद्यात परतला जाई. त्यात दारिद्र्याची कळा कधी दिसली नाही. त्या घरातून येणाऱ्या वासाने आमच्याकडची ताजी भाजी मला अनेकदा फिकी वाटली आहे.

शेजारच्या शांताबाई त्यांना चिडवीत, “वनमाला, तुझ्या डब्यांना पण रेशनच्या लाईनीची सवय लागली गं. नंबर आल्याशिवाय कोणी पुढे येत नाही.”

“मधे घुसूक दिलंय तर मागच्याक टोके लागतत,” वनमालाबाई उत्तर देत. टोके म्हणजे धान्यातील किडे. त्यांच्या संपूर्ण नीतिशास्त्राचे सार या एका वाक्यात होते.

तांदळाच्या बाबतीत हा नियम विशेष कडक होता, आणि त्याला आधारही होता. नवा तांदूळ शिजताना चिकट होतो, फुगत नाही, पोटाला जड पडतो. तोच तांदूळ वर्षभर मुरला की एका मापात जास्त माणसे जेवतात. म्हणून लवूकडून येणारा तांदूळ एरंडेल चोळून डब्यात बंद होई आणि पुढल्या वर्षी उघडे. वीस-बावीस वर्षे ते घर अशा रीतीने एक वर्ष मागे राहून जेवत होते.

ब्याऐंशीच्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. चाळीतील पुष्कळ घरांची घडी दोन महिन्यांत विस्कटली; वनमालाबाईंची टिकली. काशीरामने उन्हाळाभर मिळेल ती हमाली केली आणि मृगाच्या सुमारास तो गावी गेला. खाणारे एक तोंड कमी होईल, लवूला हातभार लागेल, असा दोघांचा विचार. तेथे त्याने पंचवीस वर्षांनंतर प्रथमच चिखलात उभे राहून भाताची लावणी केली, दसऱ्यानंतर स्वतः कापणी केली, स्वतः झोडणी केली. पीक बेताचेच आले. त्याच्या वाट्याला एक डबाभर तांदूळ आला. तो डोक्यावर घेऊन दिवाळीनंतर काशीराम जेव्हा चाळीच्या पायऱ्या चढला, तेव्हा त्या चोपन्न वर्षांच्या माणसाच्या चेहऱ्यावर जे होते त्याला कृतार्थता याहून वेगळा शब्द मला सुचत नाही. वाटेत भेटेल त्याला तो झाकण उघडून दाखवीत होता. मलाही म्हणाला, “मास्तर, वास घ्या. ह्यो माझ्या हातचो.”

घरात मागच्या वर्षीच्या तांदळाचे दोन डबे शिल्लक होते. नवा डबा क्रमाने मागे गेला.

“उद्या ह्येची पेज कर गो,” काशीराम त्या संध्याकाळी म्हणाला.

“आदी जुनो सरांदे. घाई कसली तुमका?”

“तांदूळ रिटायर झालो की मगच शिजवतलंस तू.”

दोघेही हसली. मीही भिंतीच्या या बाजूला हसलो.

पुढच्या महिन्यांत एक गोष्ट घडत गेली, ती तेव्हा आम्हां कोणाच्याच ध्यानात आली नाही. संप लांबत चालला तशी वनमालाबाईंनी भाताची मापे कमी केली. रात्री नाचणीची भाकरी, सकाळी पेज, एक वेळचाच भात. जे दोन डबे एरवी पौषातच आटोपले असते ते माघ उजाडला तरी सरेनात. त्यांचे कौशल्य जसजसे वाढत गेले तसतसा काशीरामचा डबा दूर जात राहिला. तो अधूनमधून विचारी, विनोदाने विचारी. आणि उत्तर ठरलेले असे.

एका दुपारी सुलक्षणा शाळेतून लवकर परतली, तर तिचे बाबा मागच्या डब्यापाशी उकिडवे बसलेले. झाकण उघडे, मुठीत तांदूळ, आणि ते कच्चेच दाणे एकेक करून ते चघळत होते. मागोमाग वनमालाबाई पाण्याचा हंडा घेऊन आत आल्या.

“पोरासारखे चोरून खातास? कच्चे तांदूळ खाल्ल्यार लग्नात पाऊस पडता.”

“माझा लगीन झाला गो. आता पडांदे.”

“ठेवा ते आदी.”

काशीरामने मुठीतले उरलेले दाणे परत डब्यात टाकले आणि हात झटकले. वनमालाबाईंनी झाकण लावले. ही हकिकत सुलक्षणेने मला त्याच दिवशी हसत हसत सांगितली होती. पुढे तिने ती कधीही हसत सांगितली नाही.

आता माझ्या वाट्याचे सांगतो. माघी गणेशोत्सवात चाळीच्या मंडपात मला दोन शब्द बोलावयास सांगितले. संपाने माणसे खचलेली होती. काही धीराचे सांगावे या हेतूने मी वनमालाबाईंचे उदाहरण दिले. ज्या घरात जुने संपल्यावाचून नवे उघडत नाही, त्या घराची अन्नपूर्णा कधी रुसत नाही, असे काहीसे मी म्हणालो. बायकांनी त्यांच्याकडे वळून पाहिले. टाळ्या झाल्या. काशीरामनेही टाळ्या वाजवल्या, इतरांहून अधिक वेळ. त्या दिवसापासून त्याने तांदळाचा विषय काढला नाही. चार लोकांत जिची स्तुती झाली तिच्याकडून नियम मोडवून घेणे त्याच्या सभ्यतेला रुचले नसावे. मी माझ्या वाणीवर प्रसन्न होतो. एका माणसाची साधी भूक आपण अडवली, ही शंकाही मला शिवली नाही.

त्याचे न विचारणे वनमालाबाईंना मात्र जाणवले. शिमगा झाल्यावर एके सकाळी त्यांनी आपणहून म्हटल्याचे मी ऐकले, “पाडव्याक नवो काढूया. जुनो तोपर्यंत सरतलो.”

“बघ हां. मंडपात नाव झाला हा तुझा.”

“झालेला आसांदे. पाडव्याक म्हणजे पाडव्याक.”

पाडवा आठ दिवसांवर आला असताना काशीराम बाजारातून हमाली करून भर दुपारी घरी आला, पाणी मागितले आणि छाती धरून खाली बसला. आम्ही चौघांनी त्याला खुर्चीत घालून उतारावरून खाली नेले, टॅक्सी केली. इस्पितळाच्या दारातच डॉक्टरांनी मान हलवली.

जुन्या डब्यात तेव्हा तीन शेर तांदूळ उरला होता.

पाडवा सुतकात गेला. तेराव्या दिवशी गावकरी मंडळी आणि गिरणीतले सोबती मिळून पन्नासएक पाने होणार होती. भाजी-डाळ लोकांनी वर्गणी काढून आणली. तांदूळ घरचा घ्यावा लागणार होता, आणि तीन शेरांत पन्नास माणसे जेवत नाहीत. लवू गावाहून आला होता. तो दारात उभा राहून म्हणाला, “वैनी, ह्यो दादान लावलेलो डबो उघडतंय.”

वनमालाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. “उघड,” एवढेच त्या म्हणाल्या.

तो डबा एका पंक्तीत रिता झाला. भात चिकट झाल्याची तक्रार कोणीतरी हलक्या आवाजात केली. दुसऱ्या कोणी वास फार चांगला आहे म्हटले. माझ्याही पानात तो पडला होता आणि मी तो खाल्ला. सुलक्षणेने आईपुढे ताट आणून ठेवले, तेव्हा त्यांनी ते सावकाश बाजूला सारले. “माका जुनो घाल.” पुढे कित्येक दिवस त्या तीन शेरांतला तांदूळ मूठमूठ शिजवून त्या एकट्या खात राहिल्या. सुलक्षणेला त्यांनी त्यातला दिला नाही.

यानंतर त्या सहा वर्षे जगल्या. जवळच्या मसाल्याच्या कारखान्यात मिरच्यांची देठे काढण्याचे काम त्यांनी धरले, सुलक्षणेला मॅट्रिक केले, टायपिंग शिकवले. डबे पूर्वीसारखेच मांडलेले असत, शेवटच्या आठवड्यात पूर्वीसारखेच खाली उतरत. बदलली ती एकच गोष्ट, आणि ती चाळीला कोड्यासारखी वाटे. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी माझ्याकडून लवूला कार्ड लिहवून घेतले की तांदूळ धाडू नये. तेव्हापासून ही बाई, जिने घरात दाणा असताना वाण्याचे तोंड पाहिले नाही, ती पिशवी घेऊन रेशनच्या दुकानापुढे तांदळासाठी उभी राहू लागली.

“घरचं शेत असताना पैसे कशाला घालवतेस गं?” शांताबाईंनी एकदा विचारले. उत्तर मिळाले नाही.

मला ते उत्तर, कार्ड लिहून झाले तेव्हाच मिळाले होते. पत्ता लिहून मी वर पाहिले, तर त्या माझ्या हातातल्या लेखणीकडे पाहत होत्या. म्हणाल्या, “मास्तर, त्येंनी सात येळा मागल्यांनी. मी मोजलंय.”

धर्मग्रंथांतील वचने मला थोडीफार येतात. त्यांतले एकही त्या वेळी ओठांवर आले नाही, आणि आले नाही हेच बरे झाले. मंडपातल्या त्या भाषणाची क्षमा मागावी असे मनात आले. पण क्षमा मागणे म्हणजे माझाही भार त्यांच्या माथी देणे, असे वाटून मी कार्ड उचलले आणि पेटीत टाकायला निघालो. तो विचार खरा होता की माझी भित्री सोय, याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही.

नव्याने लग्न झालेल्या मुली त्यांच्याकडे काटकसर शिकायला येत. वनमालाबाई त्यांना सारे दाखवीत: पुढे काय ठेवायचे, मागे काय, कडुलिंबाचा पाला कोणत्या धान्यात, एरंडेल किती. सर्व सांगून झाले की शेवटी एक वाक्य जोडीत, आणि ते जोडताना त्यांचा स्वर सल्ल्याचा नसे, विनवणीचा असे. “घरातल्या कोणी मागल्यान तर मात्र काढून दी गो. मागचो-पुढचो बघू नको.” मुलींना वाटे, म्हातारीने आपलाच नियम मोडायला कसे सांगितले. त्या हसून माना डोलवीत आणि जात.

एकोणनव्वदच्या भाद्रपदात दोन दिवसांच्या तापाने त्या गेल्या. त्यांच्या मागे सुलक्षणा आहे. ती मुलुंडला एका कचेरीत नोकरी करते. त्यांचे अकरा डबे तिने चाळीत वाटून टाकले, त्यांपैकी एक आमच्याकडे आहे. गावच्या शेतात लवू अजून भात लावतो, आणि घाडींच्या वाट्याचा तांदूळ आता मुलुंडला पोहोचतो. तो आला त्याच दिवशी सुलक्षणा त्यातला शिजवते.