ओळख न दाखवणारे डॉक्टर

आमच्या शेजारच्या डॉक्टरांइतका माणूसघाणा माणूस अख्ख्या नांदेडात दुसरा सापडणार नाही, असं कुणीही छातीठोकपणे सांगेल, आणि सुरुवातीला मीही सांगत होतो. रस्त्यानं समोरून कुणी आलं की हे गृहस्थ जवळची भिंत गाठायचे आणि तिच्याकडे तोंड करून उभे राहायचे. भिंतीवर काय असायचं? मूळव्याधीच्या जाहिराती, लातूरच्या क्लासवाल्यांनी लावलेले गुणवंतांचे फोटो, नाहीतर नुसती ओल. ते सगळं हे मन लावून वाचायचे. समोरचा माणूस पुढे गेला की मागे न बघता चालू लागायचे. मला वाटलं, डोक्याचा एखादा स्क्रू ढिला असावा. आमच्या हिचं मत पडलं की घमेंड आहे, दुसरं काही नाही. खरं कारण कळलं तेव्हा आम्ही दोघांनीही आपापली मतं मागे घेतली.

डॉक्टर मूल न होणाऱ्या जोडप्यांचे. पोटाला बारीक भोकं पाडून दुर्बिणीनं ऑपरेशन करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. धर्माबाद, भोकर, पार तेलंगणाच्या हद्दीवरून बायका यायच्या. पण यायच्या कशा, तर माहेरी जाते, गुरुद्वारा बघून येते, असं काहीबाही सांगून, पदर नाकापर्यंत ओढून. आणि मूल झालं की ते व्हायचं नवसाचं. त्या डॉक्टरला आपण ओळखतो, एवढं कुणी पाहिलं तरी सासरी सगळं उघडं पडायचं. म्हणून डॉक्टरांचा नियम होता की दवाखान्याच्या बाहेर ओळख दाखवायची नाही. बाईवर तोंड फिरवायची पाळी येऊ नये म्हणून आधी आपणच फिरवायचं. "अहो रेल्वे," ते मला म्हणाले (मी रेल्वेच्या ऑफिसात आहे, एवढ्यावर त्यांनी माझं नाव कायमचं पुसून टाकलं होतं), "तोंड फिरवल्याचं त्यांना उगाच लागून राहतं. माझं काय, माझं तोंड रिकामंच असतं."

या नियमापायी त्यांचं लग्नसुद्धा राहिलं. दवाखाना नवा होता तेव्हा एक मुलगी बघायला गेले, तर पोह्यांचा ट्रे घेऊन मुलीची मावशी बाहेर आली, आणि ती निघाली यांची पेशंट. डॉक्टर ताडकन उठले आणि कांदेपोह्यांचा कार्यक्रम संपेपर्यंत भिंतीवरचं घड्याळ बघत उभे राहिले. मुलीच्या बापानं निरोप धाडला की मुलगा शिकलेला आहे, पण त्याला वेळेची फार घाई दिसते. पुढे त्यांनी तो नाद सोडला. घरात एक मोठा टीव्ही आणि एक पुठ्ठ्याचं खोकं, एवढ्यावर त्यांचा संसार होता.

त्या खोक्याची गंमत सांगितली पाहिजे. त्याला दोन भोकं पाडलेली, आत एक छोटा कॅमेरा, आणि भोकांतून आत गेलेले लांब दांड्यांचे चिमटे. जेवण झालं की डॉक्टर टीव्हीसमोर बसायचे आणि खोक्याच्या आत एका द्राक्षाची साल सोलून तीच साल पुन्हा त्याला शिवायचे. हाताचा सराव मोडू नये म्हणून. लोक मालिका बघायचे, हे द्राक्ष बघायचे. मी शेजारी बसून बघायचो, आणि खरं सांगतो, मालिकेपेक्षा त्यात जीव जास्त टांगणीला लागायचा. अडचण एकच होती. या चिमट्यांचं आतलं टोक डावीकडे न्यायचं तर बाहेरचा हात उजवीकडे न्यावा लागतो. वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे डॉक्टरांच्या हातांना दिशा उलट्या झाल्या होत्या. रिक्षात बसून ते तोंडानं डावीकडे म्हणायचे आणि हात उजवीकडे करायचे. आमच्या नाक्यावरच्या रिक्षावाल्या चाचांनी नव्या पोरांना तंबीच दिली होती, "साब का हात देखको नक्को चलाना, मुंह सुनको चलाना."

पेढे मात्र यायचे. बिननावाचे, कंपाउंडरच्या हाती गुपचूप दिलेले. डॉक्टर त्यातला एकही तोंडात न घालता पुडा आमच्या घरी पोचवायचे. कुणाचं काय झालं, मुलगा की मुलगी, त्यांना कधी कळायचं नाही आणि ते विचारायचेही नाहीत. आम्ही मात्र त्या पेढ्यांवर चांगलंच बाळसं धरून होतो.

एका संध्याकाळी वीज गेली, टीव्ही विझला, आणि द्राक्ष चिमट्यात तसंच धरून डॉक्टर पहिल्यांदा मागचं बोलले. भूकंपाच्या आधी ते सरकारी नोकरीत होते. लातूर-उस्मानाबादकडच्या गावांमधून कुटुंबनियोजनाची शिबिरं करायचे. शाळेची बाकं जोडून टेबल करायचं आणि ओळीनं बायका घ्यायच्या. दोन लेकरं झाली की दुर्बिणीतून नळी बांधायची. त्यात यांचा हातखंडा. बाईला कळायच्या आत काम झालेलं असायचं. मग त्या पहाटे जमीन हलली. काही महिन्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये त्याच बायका पुन्हा पुढ्यात येऊन बसल्या. लेकरं दगडमातीखाली गेलेली आणि नळ्या बांधलेल्या. त्यांचं म्हणणं अगदी साधं होतं की तुम्हीच बांधलं, आता तुम्हीच सोडा. डॉक्टर मुंबईला जाऊन ते काम शिकून आले. बांधलेला भाग कापून दोन्ही टोकं केसाहून बारीक दोऱ्यानं जोडायची. काहींचं जुळलं, काहींचं नाही जुळलं. ज्यांचं नाही जुळलं त्यांच्याबद्दल विचारायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात वीज आली आणि ते द्राक्षाकडे वळले.

आमच्या मुलीला लातूरला क्लासला घालायचं ठरलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, माझ्या गाडीतून चला, मी दर उन्हाळ्यात जातोच. कशाला जातात ते सांगितलं नाही. ट्यूशन एरियात पोचल्यावर आमची ही आणि मुलगी खोली बघायला गेल्या, आणि आम्ही दोघं एका चहाच्या टपरीवर बसलो. तेवढ्यात क्लास सुटला. पाठीवर दप्तरं घेतलेल्या पोरापोरींनी गल्ली भरून गेली. डॉक्टर चहा विसरून बघत होते. भिंतीकडे नाही, चक्क माणसांच्या तोंडाकडे. "भूकंपानंतर जन्मलेली असतील ही," ते म्हणाले. "यातली काही माझ्या हातची असतील. कोणती, ते कळायला मार्ग नाही." मला एकदम गलबलून आलं. एवढ्या गर्दीत इतका एकटा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

पण माझं पोट काही गलबलल्यानं भरत नाही. समोरच एक खानावळ होती. डॉक्टर म्हणाले, तिथं नको. मग म्हणाले, भूक नाही. मग म्हणाले, पोट बिघडलंय. मी त्यांना दंडाला धरून आत नेलं. पोरं ताटावर बसली होती, आणि आमटीची बादली घेऊन पन्नाशीची एक बाई वाढत होती. पोरं तिला मावशी म्हणत होती. तिनं वर पाहिलं मात्र, डॉक्टर गर्रकन भिंतीकडे वळले. तिथं एक कॅलेंडर होतं, तेही मागच्या वर्षीचं.

बाईनं बादली खाली ठेवली आणि त्यांच्या पाठीशी येऊन उभी राहिली. "डाक्टर, भित्तीकडं काय बघताव? मला वळख दाखवाया तुमाला कसली अडचण हाय? माझं तर झालंच न्हाई."

डॉक्टर वळले. इतकी वर्षं मी त्यांची पाठच जास्त पाहिली होती. तो चेहरा मात्र पुन्हा बघायची माझी हिंमत नाही. "बांधलं मीच होतं," ते कसंबसं म्हणाले.

"व्हय. अन् सोडाया बी तुमीच आलाव. बाकीचे आलेच न्हाईत." तिनं पाट सरकवला. "दरसाली म्होरच्या टपरीवर बसताव, हितनं दिसतंय मला. म्हनलं, येतील कवातरी. बसा, भाकर गार व्हायलीय."

डॉक्टर बसले. तिनं वाढलं, ते जेवले. नवरा गेल्यावर गाव सोडून ती लातूरला आली होती आणि आता रोज दोन्ही वेळेला एवढ्या पोरांना जेवू घालत होती, हे तिनं वाढता वाढताच सांगितलं. ते कुणाच्या कानावर घालायचं नाही, असं तिला काही वाटत नव्हतं. मिठासाठी डॉक्टरांनी नेहमीसारखा भलत्याच बाजूला हात नेला, तर तिनं मिठाचं भांडं मुकाट्यानं त्या बाजूला ठेवलं. परतताना अहमदपूर मागे पडलं. लोह्याच्या आसपास डॉक्टर म्हणाले, "आमटीत मीठ जास्त होतं. त्यात मी आणखी घातलं."

आता दवाखाना बंद आहे. हात थरथरतो, म्हणून खोकं माळ्यावर गेलंय. महिन्यातून एकदा ते लातूरला जेवून येतात. संध्याकाळी आम्ही फिरायला निघतो, आणि नियम अजून चालूच आहे. मध्यंतरी समोरून एक बाई आली. आमच्यापाशी येऊन थबकली, डॉक्टरांच्या पाठीकडे जरा वेळ बघत राहिली, आणि पदर सावरून निघून गेली.

"गेली का?" डॉक्टरांनी भिंतीला विचारलं.

"गेली."

ते तरी वळले नाहीत. एवढ्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं, ते त्यांनी त्या दिवशी विचारलं. "लेकरू होतं बरोबर? कसं होतं, रेल्वे?"

"मुलगी होती," मी म्हणालो. "दोन वेण्या. एक चप्पल पायात, एक हातात."

"आणखी?"

आणखी मी बघितलंच नव्हतं. त्या दोघी वळणाच्या पुढे गेल्या होत्या. तेव्हापासून फिरायला निघालो की समोरून येणारी लेकरं मी नीट बघून घेतो. डॉक्टरांना सांगावी लागतात.